अलार्म वाजला, कोणी उठलंच नाही

प्रिय विन्या,

आई बरी आहे, माझी शुगरही ताब्यात. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून लिहितोय.

आमचं ऑफिस रेसकोर्सकडच्या नव्या टॉवरमध्ये आलं. अकरावा मजला, सगळीकडे काच, उघडणारी एकही खिडकी नाही. रुळांपलीकडे आर्ट्स फॅकल्टीचा घुमट दिसतो. तू म्हणायचास, ही काचेची खोकी बडोद्याला शोभत नाहीत. मला अजूनही पटत नाही. इमारत सुंदरच आहे, आणि म्हणूनच जीव तुटतो.

मंगळवारी भर मीटिंगमध्ये फायर अलार्म वाजला. कोणी उठलंच नाही. "टेस्टिंग असेल," म्हणत एकाने आवाज नको म्हणून दार लावून घेतलं! तू असतास तर असा ओरडला असतास की अलार्मशिवाय टॉवर रिकामा झाला असता. मी पँट्रीतल्या मावशींना घेऊन जिन्याने निघालो. धूर जिन्यात शिरू नये म्हणून असलेली फायर डोअर विटा लावून उघडी ठेवलेली. सहाव्या मजल्यावर मोडक्या खुर्च्यांनी वाट अडलेली. 24 मीटरपेक्षा उंच इमारतीत रेफ्युज एरिया, म्हणजे आगीत थांबायची सुरक्षित जागा, मोकळा ठेवावा लागतो, तिथे पाण्याचे जार आणि खोके.

आग नव्हती, सेन्सर बिघडलेला. वर आलो तर सगळे हसत होते.

दांडिया बाजारच्या फायर स्टेशनात आपण बंबावर चढायचो तेव्हा तुझे अण्णा काय सांगायचे? धूर जिन्याने वर येतो, माणूस खाली जातो, गाठ तिथेच पडते. 24 मे 2019 ला सुरतेच्या तक्षशिला इमारतीची आग तुझ्याच घरी टीव्हीवर पाहिली ना आपण? पोरं वरून उड्या टाकत होती. 22 जण गेले. अण्णा टीव्ही बंद करून ओट्यावर जाऊन बसले होते.

इथे विचारलं तर उत्तर एकच, "फायरची एनओसी आहे ना!" कागद भिंतीवर आणि खुर्च्या जिन्यात. रात्री झोप लागत नाही रे. आमच्याच मजल्यावर एक मुलगी सात महिन्यांची गरोदर आहे.

सईच्या बारावीचं कळलं, तिला शाबासकी सांग. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

मला लेखी तक्रार द्यायची आहे. रविवारी सकाळी फोन करतो. अण्णांना ऐकू कमी येतं, तेव्हा तू शेजारी बस. तपासणीला आलेला माणूस आधी काय बघतो आणि काय लिहिलं की टाळता येत नाही, ते त्यांच्याकडून नीट उतरवून घ्यायचंय.

तुझा,
बाळ्या