रोड ट्रिपमध्ये शाळा बघायला जाणाऱ्यांना एक विनंती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत घरून काम करणारी मंडळी आता गाडी घेऊन देश फिरत फिरत काम करतात यावर लेख आला होता, वाचला, आवडलाही. त्यात शेवटी एक ओळ होती की वाटेत खेड्यातली एखादी शाळा दिसली तर थांबा, मुलांना खाऊ द्या, तुम्हालाच छान वाटेल. हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहितेय. कारण आम्ही अगदी हेच केलं होतं आणि ते चुकलं, मग पुढच्या मुक्कामाला वेगळ्या पद्धतीने केलं तर जमलं, आणि हा फरक अशा ट्रिपला निघणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

मी आणि नवरा दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, क्लायंट अमेरिकेतले, त्यामुळे आमचं काम दुपारी दोनला सुरू होतं ते रात्री अकरापर्यंत चालतं, सकाळ पूर्ण मोकळी. गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि गाडी काढली. पुण्याहून वर्धा, तिथून नर्मदापुरम म्हणजे आपलं जुनं होशंगाबाद, जबलपूर, बनारस, शांतिनिकेतन आणि शेवटी गुवाहाटी, तीन हजारांवर किलोमीटर, सात आठवडे. खरं तर आम्ही आधी मे महिना धरला होता, पण माझी एक मैत्रीण जिल्हा परिषद शाळेत शिकवते ती म्हणाली, अगं मेमध्ये शाळा उघडी कुठे असते, आणि मग कळलं की प्रत्येक राज्याचं सुट्टीचं गणित वेगळं, विदर्भात उन्हामुळे शाळा आपल्यापेक्षाही उशिरा उघडतात, हिमाचलच्या थंड भागात तर मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. शाळांसाठी जायचं असेल तर रूट ठरवायच्या आधी हे बघायला लागतं.

कामाचं म्हणाल तर एकच नियम पाळला, गाडी फक्त शनिवार-रविवारी चालवायची आणि सोमवार ते शुक्रवार एका जागी राहायचं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, आणि लॉजवाल्याला वायफाय आहे का हे न विचारता लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर राउटर चालतो का हे विचारायचं. बैतूलच्या पुढे सातपुड्यात रेंज जाते, त्यामुळे तो पट्टा कॉल नसलेल्या दिवशीच पार करायचा. एवढं सांभाळलं की काम होतं, त्यात फार काही अवघड नाही. अवघड पुढे आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात सोमवारी सकाळी आम्ही न कळवता एका शाळेत गेलो. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, त्यातले सर तालुक्याला मीटिंगला गेलेले, म्हणजे चारही वर्ग एकट्या बाईंकडे. आमच्याकडे बिस्किटांचा बॉक्स आणि चित्रकलेच्या वह्या. आम्हाला बघून बाईंनी शिकवणं थांबवलं, मुलांना ओळीत उभं केलं, स्वागतगीत झालं, कोणीतरी पळत जाऊन शेजारच्या घरातून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, चहा आला. फळ्यापाशी तिसरीतला एक मुलगा हातच्याची वजाबाकी करत होता, ५२ मधून २७, पाचावर काट मारून चार केलेले, दोनाच्या डोक्यावर बारा लिहिलेले, आणि तिथेच तो थांबला होता. गाणं, फोटो, बिस्किटं हे सगळं होईपर्यंत तो खडू हातात धरून उभा राहिला, बसायला कोणी सांगितलंच नाही. मग पोषण आहाराची वेळ झाली, तिथल्या ताईंनी आम्हालाही खिचडी वाढली आणि आम्ही खाल्ली. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोजचं १०० ग्रॅम धान्य येतं, हजेरी मोजून, हे मला नंतर समजलं, म्हणजे आमच्या दोन ताटल्या कोणाच्या वाट्यातून आल्या ते कळलं. निघताना बाई गेटपर्यंत आल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, तुमी आले, बरं वाटलं ताई, पण आज पोराईचं गणित रायलं.

हे वाक्य पुढचे तीन दिवस डोक्यातून गेलं नाही. आपल्याला एक सुंदर सकाळ मिळते, चांगले फोटो मिळतात, आणि तिकडे चार वर्गांचा एक दिवस जातो. आणि त्या बाई नाही म्हणूच शकत नाहीत, दारात आलेला पाहुणा, त्यातून शहरातून आलेला, इंग्रजी बोलणारा, उद्या कोणाला काय सांगेल, त्यापेक्षा खुर्ची दिलेली बरी. आम्ही एकटेच असे असतो तरी ठीक होतं. नंतर शिक्षकांशी बोलताना कळलं की वाढदिवस साजरा करायला येणारे वेगळे, कंपनीचे एकसारखे टी-शर्ट घालून बसमधून एका दिवसासाठी येणारे वेगळे, आणि आता हे आमच्यासारखे लॅपटॉपवाले.

त्याच आठवड्यात सेवाग्रामला आनंद निकेतन या शाळेत आधी विचारून, परवानगी घेऊन थोडा वेळ गेलो. गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याची, कल्पना १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडली गेली, त्या आवारातली शाळा मधे कित्येक वर्षं बंद होती, २००५ मध्ये परत सुरू झाली. शेती, स्वयंपाक, सूतकताई हाच तिथे अभ्यासाचा भाग आहे. तिथे एक गोष्ट मनात पक्की झाली, की शाळेच्या दिवसाला स्वतःची एक लय असते आणि बाहेरून आलेल्याने त्या लयीत बसायचं असतं, ती थांबवायची नसते.

मग होशंगाबादला आम्ही सगळंच बदललं. ते गाव निवडायला कारण होतं. १९७२ मध्ये या जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचं असा कार्यक्रम सुरू झाला होता, पुढे १९८२ मध्ये एकलव्य संस्था आली आणि तो शेकडो शाळांपर्यंत गेला, २००२ मध्ये सरकारने बंद केला. आणि आपल्या पुण्याशी त्याचं नातं असं की टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत (आताचं टाटा मोटर्स) इंजिनिअर असताना १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन तिथे गेले, आणि तिथेच आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तो मेकॅनो, म्हणजे तुकडे जोडून आकार करायचा खेळ, तयार झाला, ज्याच्या पुढे सगळ्या देशभर कार्यशाळा झाल्या. एक वर्ष, एका जिल्ह्यात. आमच्याकडे वर्ष नव्हतं पण दहा दिवस तरी होते.

जवळच्या एका गावातल्या सरकारी शाळेच्या सरांना आठवडाभर आधी फोन केला, काय करणार ते सांगितलं, आधारची कॉपी दिली, त्यांनी पालक समितीत विषय काढला, पालक हो म्हणाले मगच गेलो. पहिले दोन दिवस फक्त मागे बसायचं असं सरांनीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले की आता सहावीला आकृत्या चालू आहेत, तुमचं ते काड्यांचं करा. आदल्या रात्री कॉल संपल्यावर लॉजवर बसून दोन मोठे बॉक्स भरून काड्यांचं गुल ब्लेडने खरवडून काढलं, कारण मुलांच्या हातात पेटणारी काडी द्यायची नाही, आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. वर्गात मुलांनी तीन काड्यांचा त्रिकोण केला, चार काड्यांचा चौकोन केला. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण दाबला तर काही होत नाही. एक मुलगी तो त्रिकोण परत परत दाबत राहिली आणि म्हणाली, दीदी ये तो हिलता ही नहीं. मग तिने चौकोनात तिरकी काडी घालायचा प्रयत्न केला, काडी पुरेना, कारण कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, हे तिचं तिलाच सापडलं, मग तिने चौकोन दाबून काडी मावेल एवढा तिरका करून घेतला आणि ती बसवली, तर तोही हलायचा थांबला. थोड्या वेळाने वर बघून तिने शाळेच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांकडे बोट दाखवलं आणि त्यातले त्रिकोण मोजायला लागली, मग अख्खा वर्ग माना वर करून मोजत होता. सर हे सगळं दारात उभं राहून बघत होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पाचवीला घेतलं, आमच्याशिवाय. मला वाटतं त्या दहा दिवसांत यापेक्षा महत्त्वाचं काही घडलं नाही.

शांतिनिकेतनला आम्ही टागोरांची शाळा पाठभवन बघायला बुधवारी गेलो तर तिथे साप्ताहिक सुट्टी बुधवारची, टागोरांच्या वेळेपासूनची परंपरा, आपण आपल्या रविवारच्या हिशोबाने जातो. १९०१ मध्ये पाच मुलांवर सुरू झालेली शाळा, वर्ग आजही झाडाखाली भरतात, २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आल्यापासून त्या परिसराचं नाव आणखीनच लोकांच्या तोंडी आहे. पण वर्ग उघड्यावर भरतो म्हणजे तो सगळ्यांसाठी उघडा आहे असं नाही, हेही तिथे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. गुवाहाटीजवळ पामोहीला अक्षर शाळेत मुलं फी म्हणून घरचा प्लास्टिक कचरा आणतात आणि मोठी मुलं लहानांना शिकवतात, पण तिथे आम्ही अर्धाच दिवस होतो म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. अर्ध्या दिवसाच्या माणसाने जास्त लिहू नये असंच माझं आता मत झालंय.

तर माझी वाचकांना विनंती अशी. सात शाळा बघू नका, दोनच बघा पण प्रत्येकीत दोन-दोन आठवडे राहा, आपल्याला कुठेही बसून काम करता येतं तर तेवढं नक्की जमतं. आधी मुख्याध्यापकांना फोन करा, शाळा व्यवस्थापन समितीला कळू द्या. डबा स्वतःचा न्या. मुलांचे चेहरे इन्स्टावर टाकू नका, आपल्या मुलांचे फोटो शाळेबाहेरच्या अनोळखी माणसाने टाकले तर आपल्याला चालेल का. आणि काय शिकवायचं ते त्या शिक्षकांना ठरवू द्या.

शिक्षण विभागालाही एक सांगणं आहे. केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल २०२१ पासून नव्या रूपात आलंय, त्यावर स्वयंसेवकाला नाव नोंदवता येतं आणि शाळेला आपली गरज टाकता येते. पण दोन शिक्षकी शाळेत आधीच ऑनलाइन माहिती भरून भरून शिक्षक थकलेत, ते आणखी एका पोर्टलवर कधी बसणार. हे काम केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, पातळीवर एका साध्या अर्जावर व्हावं, येणाऱ्याची ओळखपत्रं आणि पोलीस पडताळणी तिथेच तपासावी, कमीत कमी किती दिवस यायचं ते ठरवून द्यावं, आणि एका दिवसासाठी येणाऱ्यांना नाही म्हणायचा अधिकार बाईंना लेखी द्यावा. तोंडी सांगून तो वापरता येत नाही.

येत्या जानेवारीत आम्ही वर्ध्याच्या त्याच शाळेत तीन आठवडे जातोय. या वेळी आधी फोन केला, माफी मागितली, काय घेऊन येऊ विचारलं. बाई म्हणाल्या, बिस्किटं नका आणू ताई, आइस्क्रीमच्या काड्या आणजा, धा-धाचे गठ्ठे बांधून, हातचा समजवाले लागतात.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे