शकुंतलेचं इंजिन इतकी वर्षं कुणी चालवलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शकुंतला, म्हणजे आमची मूर्तिजापूरची नॅरोगेज (अरुंद रुळांची) रेल्वे, ब्रॉडगेज व्हावी या मागणीच्या बातम्या येतात, तेव्हा सोबत तिच्या वाफेच्या इंजिनाचं कौतुकही छापून येतं. १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ मध्ये कामाला लागलं, १५ एप्रिल १९९४ ला डिझेल येईपर्यंत धावलं. हे सगळं खरं. पण ‘काय ते इंग्रजांचं लोखंड!’ म्हणून बातमी संपते, तिथे मला राग येतो. मी मूर्तिजापूरच्या शेडमध्ये बॉयलर फिटर होतो.

आमचा मुलूख खारपाणपट्ट्यातला. दर्यापूरकडच्या कित्येक विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि इंजिनाला मिळेल त्या पाण्यावर चालावं लागे. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. ते वाढले की बॉयलरमध्ये फेस येतो, पाणी दाखवणाऱ्या काचेतली पातळी खोटी दिसते आणि वाफेबरोबर पाणीच सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरचं झाकणसुद्धा फुटू शकतं. म्हणून तळाचं खारं पाणी मधूनमधून सोडून द्यावं लागे. धुराड्याचा आवाज ओला झाला की जुने ड्रायव्हर नुसत्या कानाने ओळखत.

पुढचं काम आमचं. बॉयलर धुवायचा तर आधी सावकाश थंड करायचा. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी मारलं की पत्रा आकसतो, नळ्या गळायला लागतात. मग प्लग काढून पाण्याचा मारा, भोकातून दिवा घालून बघायचं, पांढरा थर दिसला की पुन्हा सळई. फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, छताला शिशाचा प्लग असतो. पाणी फार उतरलं तर शिसं वितळून वाफ आगीवर सुटते. पण वर क्षाराची खपली धरली असेल तर शिसं वितळूनही वाट मोकळी होत नाही. तो प्लग मी स्वतः पाहिल्याशिवाय इंजिन बाहेर सोडत नसे, गाडीला कितीही उशीर होवो.

शेडमधले खलाशी, फायरमन, लोहार आता थोडेच उरलेत. त्यांचं बोलणं कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवा. आपण वार्ताहर पाठवलात तर मी स्वतः त्यांच्या घरी घेऊन जाईन. फक्त सकाळी पाठवा. एका फायरमनदादांना दमा आहे, दुपारनंतर त्यांना बोलवत नाही.

आपला,
एक निवृत्त बॉयलर फिटर, मूर्तिजापूर