बाब्या, आधी बुश बदल

डिचोली, गोवा
२१ सप्टेंबर

प्रिय बाब्या,

चवथ आटोपून तू विमानात बसलास आणि इथं पावसानं परत जोर धरला. गणपतीवरच्या माटोळीची फळं उतरवली, तिची चौकट अजून तशीच टांगलेली आहे. आई रोज विचारते, बाब्या पोचला का नीट, फोन केला का. तेवढा तिला एक फोन कर.

तुझा परवाचा निरोप वाचला, शॉर्ट शिफ्टरचा, म्हणजे गिअर टाकताना हात कमी हलवावा लागेल अशा दांड्याचा. ‘चोर्ल्याला तुझ्या गाडीत होता तसा शॉर्ट शिफ्टर माझ्या माझदा एमएक्स-५ ला कुठला बसेल ते सांग, आजच मागवतो.’ फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच ‘बरं बरं, लिंक पाठव’ म्हणाला असतास, म्हणून लिहायला बसलो. शेवटपर्यंत वाच, आणि तोवर काहीही मागवू नकोस.

केरीवरून घाट चढताना दांडा तिसऱ्यातून दुसऱ्यात अलगद पडत होता आणि तू प्रत्येक वळणाला खूश होत होतास. ती मजा त्या शिफ्टरची नव्हती रे. त्याचा वाटा असेल चार आण्यांचा. बाकीचे बारा आणे कशाचे होते आणि ते मला किती महागात पडून कळलं, ते तुला त्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण तू इतका रंगला होतास की माझ्यानं बोलवेना.

दोन वर्षांपूर्वी मी पहिला शॉर्ट शिफ्टर घेतला, तो सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त आकडा लिहिलेला. चाळीस टक्के कमी थ्रो, म्हणजे दांड्याची चाल! वाचूनच हात शिवशिवले. माझ्या गाडीचा दांडा तेव्हा खिचडीत फिरवल्यासारखा फिरायचा, न्यूट्रलला चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. मला वाटलं, थ्रो कमी झाला की हा ढिलेपणा जाईल. एका रविवारी पडवीतच बसवला. आणि पहिल्या दिवशी काय सुख झालं म्हणून सांगू! मनगट नुसतं वळवायचं की गिअर पडला. मी त्या संध्याकाळी उगाचच साखळीपर्यंत जाऊन आलो.

महिन्याभरात एकेक गोष्ट कळत गेली. त्या किटनं फक्त पुढं-मागं जाणारी चाल कमी केली होती. माझी गाडी केबलवाली, दांडा गिअरबॉक्सला दोन केबलनी जोडलेला. एक केबल पुढं-मागं, दुसरी डावीकडे-उजवीकडे. दुसरी होती तशीच राहिली. म्हणजे दांडा उभा जेमतेम हलतो आणि आडवा पूर्वीइतकाच सैल. हाताला अंदाजच येईना. तिसरा शोधायला जावं तर पाचवा, आणि घाटात वेगात असताना हे झालं की पोटात गोळा येतो. मग जून आला. किटच्या लोखंडाला ना पेंट ना प्लेटिंग, आपल्याकडच्या दमट हवेत दोन आठवड्यांत सांध्यांवर तांबूस गंज. आणि दिवाळीच्या सुमाराला दुसऱ्या गिअरनं कर्र करायला सुरुवात केली. आधी फक्त सकाळी, मग दिवसभर. शेवटी गिअरबॉक्स उतरवावा लागला. दुसऱ्याची सिंक्रो रिंग गुळगुळीत झाली होती.

हे का झालं ते नीट सांगतो, कारण तुझा निर्णय यावरच आहे.

तुमच्या मागच्या कुंपणाचा चिरा आपण पहारीनं हलवला होता ते आठव. टेकूचा दगड चिऱ्याच्या जवळ ठेवला तेव्हा पहारीचं वरचं टोक हातभर खाली आणायचं, पण जोर थोडा. टेकू आपल्याकडे सरकवला तर हात थोडाच हलवायचा, पण चिरा हलताना कंबर मोडायची. गिअरचा दांडा म्हणजे तीच पहार. शॉर्ट शिफ्टर करतो काय, तर टेकू वर उचलतो आणि दांड्याचा खालचा भाग लांब करतो. थ्रो वीस टक्के कमी केलास तर जोर सव्वापट लागतो. तीस टक्क्यांना जवळजवळ दीडपट. चाळीस टक्क्यांना पावणेदोनपटीच्या जरासाच खाली. यातून सुटका नाही, किट कितीही महागडं असो.

आता आत बघ. दुसरा गिअर टाकतोस तेव्हा ती पितळी सिंक्रो रिंग आधी गिअरच्या निमुळत्या कडेवर घासून दोघांची गती एक करते. गती जुळेपर्यंत ती दातांना वाट देत नाही. तिला जेवढा जोर मिळेल तेवढं ते काम लवकर. शॉर्ट शिफ्टरनं हाताचा तोच जोर रिंगपर्यंत कमी पोचतो, म्हणजे तिला वेळ जास्त हवा. आणि आपण काय करतो? दांडा छोटा, म्हणून हात अधिक घाईत. रिंगला जास्त वेळ हवा असताना आपण तिला कमी देतो. माझी रिंग अशीच गेली. चूक किटपेक्षा माझ्या हाताची जास्त होती.

गिअरबॉक्स उघडलाच होता, तेव्हा मेस्तानं मला केबलच्या टोकाचे बुश, म्हणजे सांध्यात बसणारे छोटे तुकडे, काढून दाखवले. प्लॅस्टिकचा नुसता भुगा. इंजिन ज्यावर टेकतं त्यातलं एक माउंटही खचलेलं. म्हणजे ज्या ढिलेपणासाठी मी शिफ्टर आणला, तो दांड्यात नव्हताच! दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या प्रत्येक सांध्यात तो थोडा थोडा साठलेला होता.

मला त्या क्षणी बाबांची जुनी गाडी आठवली, जिच्यावर आपण दोघं मयेच्या तळ्याकडच्या रस्त्यावर शिकलो. स्टिअरिंगखाली दांडा, आणि तिथून पार गिअरबॉक्सपर्यंत सळ्यांची आणि सांध्यांची माळ. बाबा दर महिन्याला बॉनेट उघडून एकेक सांधा पुसून ग्रीस भरायचे आणि आपण कंटाळून बाजूला उभे. तू एकदा विचारलंस, काका, गिअर तर पडतोय, मग हे कशाला? ते म्हणाले होते, पडतोय तोवरच भरायचं. पंचवीस वर्षांनी मला ते समजलं, तेही गिअरबॉक्स जमिनीवर ठेवल्यावर.

बुश तयार मिळेनात. आपल्या बाजारातला तो लेथवाला, ज्याच्याकडे खाणींच्या टिपरांचं काम असायचं, तो २०१८ साली खाणी पुन्हा बंद झाल्यापासून मिळेल ते करतो. त्यानं आधी पितळेचे करून दिले. दांडा सुरीसारखा धारदार झाला, पण इंजिनाची सगळी थरथर हातात आणि केबिनमध्ये. आठ दिवसांत काढले. मग डेलरिनचे, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकचे, केले, तेच आता आहेत. माउंट बदललं, ऑइल बदललं, केबलची ॲडजस्टमेंट नव्यानं केली आणि कंपनीचाच दांडा परत बसवला. बाब्या, खरं सांगतो, तेव्हाच मला हवं होतं ते मिळालं होतं. नंतर वीस टक्क्यांचा एक साधा, दोन्ही चाली सारख्या कमी करणारा शिफ्टर घातला तो निव्वळ हौसेनं. तू चालवलास तो हा.

आता तुझ्या गाडीचं. तुझी १९९९ ची, पाच गिअरची. माझी कुठलीही वस्तू तुला चालणार नाही, कारण तुझ्याकडे केबलच नाहीत. गिअरबॉक्स मधोमध उभा आणि दांडा थेट त्याच्या डोक्यात उतरलेला. खालच्या टोकाला एक छोटी नायलॉनची वाटी, तोच तुझा बुश, वरती गोल बॉल, आणि तो सगळा भाग स्वतःच्या ऑइलमध्ये बुडालेला. त्यावर रबराचं एक आतलं बूट. वयानं ते बूट फाटतं, वाटी झिजते, वरच्या डबीतलं ऑइल कमी होतं. मग दांडा खडखडतो, आणि खालून गरम हवा व आवाज केबिनमध्ये येतो. तू मला म्हणालास ना, उन्हाळ्यात दांड्याच्या आजूबाजूला फार तापतं? माझा संशय तिथंच आहे.

म्हणून आधी हे कर. वाटी, आतलं बूट आणि बाहेरचं बूट नवीन घे. कन्सोल काढून वरूनच होतं, गाडीखाली झोपायची गरज नाही. जुनं ऑइल काढून डबीत नवीन भर, आणि गिअरबॉक्सचंही बदल. ७५डब्ल्यू-९० जाडीचं, पण डब्यावर जीएल-४ हा दर्जा बघून घे. जीएल-५ दुकानात जास्त दिसेल, पण ते मागच्या डिफरन्शिअलसाठी. त्याचा निसरडेपणा सिंक्रोच्या घासण्याच्या आड येतो, आणि त्यातली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत.

त्याआधी दोन तपासण्या कर, दोन्हीला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघ, मग चालू करून जागच्या जागी तेच कर. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, तर दुखणं दांड्याचं नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये. मग क्लचच्या खालच्या सिलिंडरपाशी ओल आहे का ते बघ. दुसरी तपासणी: गाडी गिअरमध्ये ठेवून, इंजिन बंद, नॉब दोन बोटांनी हलव आणि शेजारी पट्टी धरून खेळ किती ते मोज. तिसऱ्यातून चौथ्यापर्यंत नॉबचा माथा किती सरकतो तेही मोज. हे दोन आकडे मला पाठव. मेलबर्नच्या थंडीत सकाळी दुसरा जड जाणं वेगळं, ऑइल तापेपर्यंत ते व्हायचंच. त्यावरून काही ठरवू नकोस.

एवढं करून महिनाभर चालव. या गाडीच्या जपानी इंजिनिअरांनी ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एक, हा विचार धरून ती घडवली आहे. तिचा मूळचा थ्रोच इतर गाड्यांच्या मानानं आखूड आहे. माझ्या गाडीत वीस टक्क्यांनी जो फरक जाणवतो तो तुझ्यात जाणवेलच असं नाही, पण जोराचा फरक मात्र नक्की जाणवेल. तुझा डावा खांदा क्रिकेटमध्ये निखळला होता ते मी विसरलेलो नाही, आणि तिकडेही गिअर डाव्याच हाताला आहे. शिवाय वहिनीही हीच गाडी घेऊन कामावर जातात. सिग्नल-सिग्नलला पहिला-दुसरा करताना सव्वापट जोर रोज कुणाला लागणार, ते त्यांना विचार.

त्यानंतरही मन होत असेल तर घे, मी अडवणार नाही. मलाही हौस आहे, मी कसा अडवू? फक्त वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढं जाऊ नकोस. नॉबची उंची कमी-जास्त करता येणारा घे, कारण दांडा ठेंगणा झाला की नॉब स्टिअरिंगपासून खाली आणि लांब जातो. दांड्यात कंप गिळणारं रबर असलेला बघ, नाहीतर गिअरबॉक्सची कुई रोज ऐकावी लागेल. आणि जो विकणारा टक्के सांगतो पण जोर वाढतो हे सांगत नाही, त्याच्याकडून घेऊ नकोस.

एका गोष्टीची मला खरंच भीती वाटते, ती लिहितोच. तू ट्रॅकवर जायचं म्हणतोस. तुझ्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्याचं प्रमाण १.८८८ आणि तिसऱ्याचं १.३३०. इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांवर असताना तिसऱ्यातून चौथ्यात ओढताना हात तेवढाच डावीकडे जाऊन दुसरा पडला, तर क्लच सोडताच चाकं इंजिनाला ९,२०० च्या वर फिरवतील. लाल रेघ, म्हणजे इंजिनाची मर्यादा, सात हजारांच्या आसपास. रेव्ह लिमिटर तिथं काही करू शकत नाही, तो फक्त पेट्रोल तोडतो, चाकांना थांबवत नाही. इंजिन मोडायला एक क्षण पुरतो. आखूड दांड्याला हात सरावलेला नसताना हे फार सहज होतं. तेव्हा काहीही नवीन बसवलंस तर निदान हजारभर किलोमीटर रस्त्यावर चालवल्याशिवाय ट्रॅकवर नेऊ नकोस. हे मला वचन दे.

नॉबचं तू विचारलं नाहीस, पण तीच सगळ्यांत स्वस्त सुधारणा आहे. जड नॉबला एकदा गती मिळाली की तो बारीक अडथळे स्वतःच पार करतो, हाताला मऊ लागतं आणि थ्रो तेवढाच राहतो. मी आधी भरीव स्टीलचा घेतला होता. एप्रिलमध्ये मिरामारला गाडी उन्हात लावून भेळ खायला गेलो, परत येऊन पहिला टाकायला गेलो तर तळहात पोळला. तुमच्याकडेही जानेवारीत चाळीस अंश होतात म्हणतोस. आतून पितळ आणि बाहेरून डेलरिन असा नॉब हवा, वजन आतल्या पितळेचं आणि हाताला लागतं ते डेलरिन.

तसाच एक आपल्या लेथवाल्याकडे करायला टाकलाय, तुझ्यासाठी. आटे एम१० गुणिले १.२५, तुझ्या गाडीला तेच लागतात. मला फणसाच्या लाकडाचा करायचा होता, तुमच्या परसातल्या त्या पडलेल्या झाडाचा तुकडा अजून माझ्याकडे आहे. पण लाकडाची वस्तू तिकडच्या तपासणीत अडकेल म्हणून राहिलं. तो तुकडा जपून ठेवतो, पुढच्या चवथीला तूच ने.

आकडे पाठव. आईला फोन कर. वहिनींना आणि पिल्लाला माझा नमस्कार आणि पापा.

तुझा,
अण्णू