मा. केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र : नेपाळ सीमेवर माझ्या आईचे आधार कार्ड का चालले नाही?

माननीय गृहमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी, कपाशी लावतो. नेपाळ सीमेवर आधार कार्ड दाखवूनही माझ्या आईला दुपारभर अडवून ठेवले, त्याची मी सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार केली होती. परवा तिथे उत्तर आले, "कर्मचाऱ्यांनी नियमानुसार कार्यवाही केली आहे. तक्रार निकाली." त्या दिवशी नाक्यावरच्या साहेबांनी माझा अर्ज हातात घेऊन शब्द दिला होता, "चौकशी करून कळवतो." त्या चौकशीचे काय झाले, याबद्दल उत्तरात एक अक्षर नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

नियमानुसार म्हणजे कोणत्या नियमानुसार, साहेब? ३१ जुलै १९५० ला भारत आणि नेपाळचा तह झाला. त्याच्या सातव्या कलमात एकमेकांच्या नागरिकांना ये-जा करायची मोकळीक दिलेली आहे. साडेसतराशे किलोमीटरची ही सीमा. रस्त्याने जाणाऱ्या भारतीयाला ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा, ओळख पटली की झाले. आणि जानेवारी २०१९ मध्ये तुमच्याच मंत्रालयाने जाहीर केले की ६५ वर्षांवरच्या आणि १५ वर्षांखालच्या भारतीयांना नेपाळ-भूतानला जायला आधार कार्ड चालेल. माझी आई सत्तरी ओलांडलेली आहे.

केदारनाथ झाले की पशुपतीनाथ केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, अशी तिची श्रद्धा. कापूस विकला, चार पैसे बाजूला ठेवले. भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर गाठले, तिथून यात्रेच्या बसने सीमेवर. तिथे सगळ्यांना खाली उतरवले. वर्दीतल्या माणसाने आईचे कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि परत फेकले. "आधार नहीं चलेगा, पासपोर्ट लाओ." मी मोबाइलवर २०१९ ची बातमी काढून दाखवायला गेलो, तर "मोबाइल अंदर रखो" म्हणून दरडावले. आईच्या पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी टेबलावर उपडी केली. ती घाबरून अहिराणीत बोलायला लागली, "मनं काय चुकनं, भाऊ?" त्यावर तो माणूस मला विचारतो, "ये कौनसी भाषा है? बांग्लादेशी तो नहीं?"

साहेब, ह्या बाईच्या चार पिढ्या तापीकाठी राबल्या. अहिराणी बोलली म्हणून तिला परदेशी ठरवणारा हा कोण?

गुडघ्याने अधू, साखरेचा आजार असलेली म्हातारी भर उन्हात रस्त्याच्या कडेला सामानावर बसून राहिली. सावली नाही, प्यायला पाणी नाही, संडासाला कुलूप. लघवीसाठी तिला शेतात जावे लागले. तेवढ्यात एक दलाल आला, "हजार दे दो, अभी निकल जाओगे." आमच्याच बसमधल्या एका कुटुंबाने पैसे मोजले आणि त्यांचे कागद त्याच टेबलावर लगेच चालले. त्यांच्याकडेही आधारच होते! मी पैसे दिले नाहीत. बसवाल्याला नेपाळात गाडीचा भन्सार, म्हणजे तिथला जकात-कर, दिवसावारी भरावा लागतो, तो थांबला नाही. संध्याकाळी पाळी बदलली, दुसरा माणूस आला, त्याने तेच कार्ड पाहिले आणि "जाइए माताजी" म्हणाला. कार्ड तेच, सीमा तीच. मग दुपारभर माझ्या आईला बसवून ठेवले ते कोणत्या नियमाने?

आमच्या जिल्ह्याला नेपाळचे नाव काढले की आजही पोटात कालवते. २३ ऑगस्ट २०२४ ला वरणगाव-भुसावळकडच्या भाविकांची बस तनहुं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. मृतदेह हवाई दलाच्या विमानाने जळगावला आले. तेव्हा सगळे सरकार धावले, ते योग्यच झाले. पण आमच्या माणसाला मेल्यावर विमान मिळते आणि जिवंतपणी बसायला खुर्ची मिळत नाही, हे कसे?

आणि हे फक्त सीमेवरचे नाही. रेशनला आधार, बँकेला आधार, पीक विम्याला आधार, शेतकरी सन्मानच्या पैशाला आधार. अंगठा उमटत नाही म्हणून आईला कितीदा रेशन दुकानातून रिकाम्या हाताने परत पाठवले. आम्ही सरकारला काही द्यायचे असो की सरकारकडून घ्यायचे असो, हेच कार्ड काढा म्हणता. त्याच सरकारचा माणूस ते आमच्या तोंडावर फेकतो, तेव्हा आम्ही कुठे जायचे? विमानाने काठमांडूला जाणाऱ्या साहेबलोकांची शिदोरी कोणी उपडी करते का? कापसाला भाव मागितला की नियम, नुकसानभरपाई मागितली की नियम. नियम आमच्या बाजूने असला की मात्र तो कोणाला माहीतच नसतो.

प्रत्येक नाक्यावर कोणते कागद चालतात, त्याचा फलक हिंदीत आणि यात्रेकरूंच्या भाषांत लावा. कोणाला अडवले तर कारण लिहून द्या, खाली नाव आणि सही असू द्या. म्हाताऱ्या माणसांसाठी सावली, पाणी आणि उघडा संडास ठेवा. त्या दिवशीच्या पाळीवर कोण होते आणि तो दलाल कोणाच्या भरवशावर त्या टेबलापर्यंत पोहोचला, याची चौकशी करा. माझी तक्रार पुन्हा उघडा. आणि ह्या वेळचे उत्तर पोर्टलवर नको, अधिकाऱ्याच्या नावानिशी, सहीशिक्क्यासह, टपालाने माझ्या आईच्या नावे पाठवा. पत्ता तुमच्याकडे आहे, तिच्या आधार कार्डावर छापलेला आहे.

आपला,
अमळनेर तालुक्यातील एक शेतकरी