काकी, टेपवरची पिन अजून तिथंच आहे

प्रिय काकी,

"आभारबिभार मानू नको, ब्लाउज वेळेत दे," असं तुम्ही बजावलंय. ब्लाउज तयार आहे. पण हे सगळ्यांसमोर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

ऑगस्ट 2019 च्या पुरात शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात पंचगंगेचं पाणी शिरलं. तीन मशिनी, गिऱ्हाइकांची कापडं, सगळ्याचा चिखल झाला. पुढचे महिने घर क्रेडिट कार्डावर चाललं आणि बिलं थकली. 48,000 ची बाकी वसुलीवाल्यानं 20,000 वर मिटवली. सुटले एकदाची, म्हणून मी अंबाबाईची ओटी भरून आले. कर्ज-उधारीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या रिपोर्टात 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न भरता मिटवलेलं, असा शिक्का बसतो, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. 2022 मध्ये पिकोच्या मशिनीसाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. सिबिलचे गुण, म्हणजे उधारी फेडण्याची पत, 900 पैकी 561.

त्याच आठवड्यात तुम्ही फिटिंगला आला होता. माझा चेहरा बघून विचारलंत आणि मी रडले. तुम्ही ब्लाउजला टाचण्या तशाच ठेवून स्टुलावर बसलात. "बँकेत जन्म गेला माझा, मी सांगतो तुला," म्हणालात, "आधी उरलेले 28,000 भरायचे."

तेव्हा तुमचा राग आला होता, आज कबूल करते. बँकेनं सोडलेले पैसे कोण भरतं? आठ दिवस मी तुमचा फोन उचलला नाही. तुम्ही दुकानात येऊन एवढंच म्हणालात, "बँकेनं सोडलं, रिपोर्टानं नाही सोडलं." भिशीचे पैसे आले तेव्हा भरले. नो ड्यूज सर्टिफिकेटसाठी, म्हणजे काही देणं उरलं नाही या दाखल्यासाठी, त्या कार्डाच्या बँकेत चार खेपा झाल्या, त्यातल्या दोन तुमच्या. मग सिबिलकडे तक्रार टाकून 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड', म्हणजे पूर्ण फिटलेलं, करून घेतलं. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

नंतर एफडीवरचं कार्ड. 20,000 ची एफडी, त्यावर 18,000 ची लिमिट. आपलेच पैसे गहाण ठेवून आपणच उधार घ्यायचं, हे मला येडपटपणाचं वाटलं होतं. "एफडीला व्याज चालूच राहतंय की," तुम्ही म्हणालात, "आणि ही पोरगी वेळेवर भरते, हे दर महिन्याला वर कळवलं जातंय. तेवढ्यासाठीच हे कार्ड." बिल बुडवलं तर बँक एफडी मोडणार, हेही तुम्ही लपवलं नाही.

मग माझ्या गळ्यातला टेप ओढून सेंटिमीटरची बाजू वर केलीत आणि तिसाच्या खुणेवर टाचणी मारलीत. शंभर म्हणजे पूर्ण लिमिट, टाचणीच्या पुढं जायचं नाही. माझ्या हिशोबात 5,400. दोरे, अस्तर, लाईट बिल एवढंच कार्डावर घेतलं. बिल आलं की सगळं भरायचं. 'मिनिमम ड्यू'चा, म्हणजे कमीत कमी एवढे तरी भरा असा आकडा मी चिकटपट्टीनं झाकायची, कारण उरलेल्यावर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज लागतं, हे 2019 नंतर मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कार्डावर रोख काढायची नाही, हा तुमचा दम वेगळाच.

पहिले चार महिने आकडा जेमतेम हलला. मी कुरकुरले की तुम्ही म्हणायचा, "उसवायला एक मिनिट लागतंय, शिवायला?" पुढं 640 झाला, आणि यंदा 731. मशिनीचं कर्ज मंजूर झालं. त्याच साहेबांनी स्क्रीन पुन्हा फिरवली, मी न मागता.

पिकोची मशीन गुरुवारी आली. टेपला गंज लागेल म्हणून टाचणी काढून सेफ्टी पिन लावली आहे, तिसावरच. तुमच्या पैठणीचा पिको पहिला धरणार आहे, मजुरी विचारायची नाही. फॉल मात्र तुम्ही आणा, मागच्या वेळचा रंग तुम्हाला पटला नव्हता.

तुमची,
कुंभार गल्लीतली टेलर