भिंतीतला पहारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संग्रहालयातल्या चित्रांच्या सुरक्षेचा विषय निघाला की मागण्या ठरलेल्या असतात: काच लावा, दोर बांधा, रक्षक वाढवा. काचेत मला आधी माझाच चेहरा दिसतो आणि दोराच्या अलीकडून कुंचल्याचे फटकारे दिसत नाहीत. म्हणून भिंतीत दडवलेली सुरक्षा मला पटते.

यात चित्रामागे, भिंतीच्या फळीआड धातूचा पातळ पत्रा किंवा वीजवाहक कापड बसवतात. त्यामुळे चित्राभोवती क्षीण विद्युतक्षेत्र तयार होते. हात जवळ गेला की ते बदलते आणि इशारा मिळतो. एकदा रंगाचा जाड थर बघायला मी नाक पुढे नेले, तर कुठेतरी बारीक ‘टिंग’ वाजले. यंत्र कुठेच दिसेना, पण कोपऱ्यातल्या रक्षकाने मान वर केली होती. ओशाळून दोन पावले मागे आलो. (थर तोवर बघून झाला होता!)

माझी शंका वेगळी आहे. दोर तुटला तर झाडू मारणाऱ्यालाही दिसतो. भिंतीतला सेन्सर बंद पडला तर कुणाला कळणार? २०१० साली कैरोच्या संग्रहालयातून व्हॅन गॉगचे फुलांचे चित्र गेले, तेव्हा ४३ कॅमेऱ्यांपैकी फक्त ७ चालू होते. त्याच वर्षी पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयातून पाच चित्रे चोरीला गेली. तिथली धोक्याची घंटा काही आठवडे नादुरुस्तच होती. बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयात तर १९९० साली यंत्रे नीट चालली. पोलिसांच्या वेशातले दोन चोर कोणत्या दालनात कधी शिरले, याची नोंद होत राहिली. पण रक्षक तळघरात बांधून ठेवलेले, आणि इशारा इमारतीबाहेर जाण्याची सोय म्हणजे रक्षकांच्या टेबलापाशी असलेले एक बटण. १३ कलाकृती गेल्या, त्या अजून परत आलेल्या नाहीत. रिकाम्या चौकटी तिथे आजही टांगलेल्या आहेत.

तेव्हा भिंतीत यंत्रणा बसवणाऱ्यांनी दोन गोष्टी कंत्राटातच लिहून घ्याव्यात. इशारा आपोआप इमारतीबाहेरही गेला पाहिजे. आणि रोज दार उघडण्याआधी रक्षकाने प्रत्येक चित्राजवळ हात नेऊन बघावा, ‘टिंग’ वाजले की वहीत सही करावी. न वाजले तर दुरुस्ती होईपर्यंत तिथे माणूस उभा करावा, हवे तर दोरही बांधावा. तेवढे दिवस मी लांबून बघेन.

आपला,
एक नियमित वाचक