रूथचा सरवा

अश्दोद, इस्राएल

आई, बाबा, दादा, वहिनी, सगळ्यांले जय ख्रिस्त.

माझी तब्येत बरी आहे, काळजी करू नका. दादा, तू फॅमिली ग्रुपवर रोज वचन टाकतो ते मी सकाळी ड्युटीच्या आधी वाचते, पण सध्या तुझं रोमकरांस चाललंय अन् मी रूथमध्ये अडकली, कारण इथं शावुओत म्हणजे ज्यूंचा कापणीचा सण आला अन् या सणाले सिनेगॉगमध्ये रूथचं पुस्तक वाचतात. मी सांभाळते ती आजी मूळची रायगडकडची बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू, तिले आता दिसत नाही, म्हणे तुझ्याकडं मराठीत आहे तर तूच वाच. चारच अध्याय, पण आमची गाडी दुसऱ्यावरच थांबली.

आपल्याकडं लग्नात पहिला अध्याय वाचतात, तुझे लोक ते माझे लोक वगैरे. ते सुनेनं सासूले म्हटलेलं आहे बरं, नवऱ्याले नाही, वहिनी हसू नको. दुसऱ्या अध्यायात रूथ बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात कापणाऱ्यांच्या मागं सातूचा सरवा, म्हणजे खाली पडलेली कणसं, वेचते. मले तिची नेहमी कीव यायची, पण आजी म्हणे कीव कशाची, हक्क होता तो तिचा. मग बायबलातलं लेवीय 19 काढलं, तिथं मालकाले सांगितलंय की वावराचे कोपरे कापू नको, पडलेलं वेचू नको. अनुवाद 24 मध्ये तर विसरलेली पेंढी आणायलेही माघारी जायचं नाही, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. रूथ परकी पण अन् विधवा पण.

बवाज त्याच्याही पुढं गेला. गड्यांले म्हणे, पेंढ्यातून मुद्दाम थोडं काढून टाकत जा, अन् तिले बोलू नका. पोतं भरून देता आलं असतं की त्याले! पण तसं नाही केलं, म्हणून संध्याकाळी तिनं झोडून एफाभर सातू नेले, साधारण 22 लिटरचं माप, ते तिच्या कष्टाचे होते. दुपारी बवाजनं दिलेल्या हुरड्यातला उरलेला तिनं सासूसाठी ठेवला होता. आई, तू निंदणाले जायची तेव्हा कोणी काही खायले दिलं तर पदराले बांधून आणायची ना, तेच.

दादा, आता तुझ्यावर येते. सोयाबीन निघाल्यावर सरवा वेचायले आलेल्या बायांले तू हाकललं होतं, उभा माल नेतात म्हणून. नेत असेल एखादी. पण हार्वेस्टर गेल्यावर खाली पडलेल्या शेंगा तू वेचणार आहेस का? लगेच रोटावेटर घालतो, चण्यासाठी ओल जाते हे मलेही समजते, तरी दोन दिवस थांब, अन् धुऱ्याकडच्या पिकाच्या दोन ओळी त्यांच्यासाठी सोड. सरवा वेचणारी ती बाई प्रभूच्या वंशावळीत आहे, मत्तय 1 काढून पाहा. पटत नसेल तर पाळकसाहेबांले विचार, ते युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळले होती तेव्हा तिथं शिकलेले, 1983 ले पुण्याले जायच्या आधीचे, मऊ बोलणार नाहीत.

बाबा, शुगरची गोळी चुकवू नका, वहिनी लक्ष ठेव. बियाण्याचे पैसे सोमवारी टाकते. दादा, पहिल्याच सरीवर पेरू नको, जमीन नीट भिजू दे.

तुमची,
ताई